थायलंडचं दुसरं शहर

थायलंडमधलं सर्वांत मोठं शहर कोणतं, हे शाळकरी मूलही सांगेल. दुसरं कोणतं, असं विचारलं की थाई माणूससुद्धा जरा थांबतो. कुणी चिआंग माई म्हणतो, कुणी खोरात, कुणी दक्षिणेतलं हात याई. नगरपालिकांची नोंदणीकृत लोकसंख्येनुसार यादी लावली, तर बँकॉकनंतर नाव येतं नोंथाबुरीचं आणि त्याच्या पाठोपाठ पाक क्रेतचं. ही दोन्ही गावं बँकॉकच्या उत्तर वेशीला लागून आहेत. बँकॉकच्या मेट्रोच्या फाट्यांनी तिथे जाता येतं. सात कोटींच्या आसपास वस्ती असलेल्या देशाच्या यादीतली दुसरी आणि तिसरी जागाही पहिल्या शहराच्या उपनगरांनीच अडवलेली आहे.

बँकॉक महानगरात एक कोटीहून जास्त माणसं राहतात. चिआंग माईच्या नगरपालिका हद्दीत नोंद आहे जेमतेम सव्वा लाखाची. भोवतालची वाढलेली वस्ती सढळ हाताने मोजली, तरी आकडा दहा-बारा लाखांपर्यंत जातो. मार्क जेफरसन या अमेरिकी भूगोलतज्ज्ञाने १९३९ साली ‘प्रायमेट सिटी’ ही कल्पना मांडली. देशातलं सर्वांत मोठं शहर पुढच्या शहराच्या दुपटीहून मोठं असतं आणि देशाचा पैसा, सत्ता, बुद्धी सगळं तिथेच गोळा होतं, असं त्याचं निरीक्षण होतं. भूगोलाच्या पुस्तकांत त्याचं ठरलेलं उदाहरण म्हणून आजही बँकॉकचं नाव येतं.

भारताला हे सहज कळणारं नाही. आपल्याकडे मुंबई आहे, दिल्ली आहे, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद आहे. इंग्रजांनी वेगवेगळ्या किनाऱ्यांवर तीन बंदरं वाढवली आणि राजधानी नंतर चौथ्याच ठिकाणी नेली. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईच्या नागरी पट्ट्यात १ कोटी ८४ लाख माणसं होती, म्हणजे देशाच्या दीड टक्का. सयाम, म्हणजे तेव्हाचा थायलंड, कुणाची वसाहत झाला नाही. त्याचं मोठं बंदरही एकच होतं, राजधानीही एकच, आणि दोन्ही एकाच नदीच्या काठी.

ही गोष्ट १७८२ साली सुरू होते. राजा पहिला राम याने चाओ फ्राया नदीच्या पूर्व काठावर नवी राजधानी वसवली. १८५५ मध्ये ब्रिटिशांशी बाउरिंग करार झाला, परदेशी व्यापारावरची बंधनं सुटली आणि नदीच्या खोऱ्यातला तांदूळ जहाजांत भरून बाहेर जाऊ लागला. भाताच्या गिरण्या, गोदामं, बँका, विमा कंपन्या, सगळं नदीच्या तोंडाशी उभं राहिलं. त्यानंतर राजा चुलालोंगकोर्न यांनी राज्याची घडी बसवली. १८९२ पासून गृहमंत्री असलेल्या राजपुत्र दामरोंग यांनी प्रांतोप्रांतीचे वंशपरंपरागत सरदार बाजूला सारले आणि बँकॉकहून नेमलेले अधिकारी पाठवायला सुरुवात केली. ईशान्येकडच्या ईसान प्रदेशात त्याविरुद्ध १९०१-०२ मध्ये उठाव झाला, तो सैन्याने चिरडला. रेल्वेही राजधानीतूनच फुटली. १९०० साली खोरातपर्यंत, पुढे चिआंग माईपर्यंत, १९३३ मध्ये खोन केनपर्यंत. आजही नकाशा पाहिला तर रूळ बँकॉकहून चारी दिशांना गेलेले दिसतात. एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात आडवे जाणारे जवळपास नाहीतच.

इथवर जे झालं त्यात परकीय सत्तांच्या धाकाचा वाटा होता, असं म्हणता येईल. एका बाजूला ब्रिटिश ब्रह्मदेश, दुसऱ्या बाजूला फ्रेंच इंडोचायना, मधे तग धरायचा तर सत्ता एका मुठीत हवी. त्यापुढच्या एका गोष्टीला मात्र मी हा संशयाचा फायदा देणार नाही. ती म्हणजे तांदळावरचा निर्यात-अधिभार.

हा अधिभार १९५५ पासून १९८६ पर्यंत होता. तांदूळ देशाबाहेर पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला दर टनामागे सरकारला ठरावीक रक्कम द्यावी लागे. काही वर्षी ती निर्यातभावाच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्श्याइतकी असे. कागदावर ती व्यापाऱ्याने भरायची. व्यापारी ती शेतकऱ्याला द्यायच्या भावातून वळती करून घेई. बाहेर नेणं महाग झालं की माल देशात राहतो, माल राहिला की भाव पडतो. बँकॉकच्या कामगाराला, कारकुनाला, शिपायाला भात स्वस्तात मिळाला. कारखानदाराला पगार कमी ठेवता आला. सरकारच्या तिजोरीत पैसा आला. या तिन्हीचं बिल गेलं शेतकऱ्याकडे. त्या काळात देशातले बहुसंख्य लोक शेतकरी होते आणि त्यांतले सर्वांत गरीब ईसानच्या रेताड जमिनीवर होते. कांद्याची निर्यातबंदी आली की नाशिकच्या बाजार समितीत काय होतं, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना ही व्यवस्था समजावून सांगायला नको. थायलंडमध्ये ती तीस वर्षं अखंड चालली.

अर्थशास्त्रात याबद्दल एक मोठं, दिलासा देणारं उत्तर आहे. १९६५ मध्ये जेफ्री विल्यमसन यांनी मांडलं की देश गरीब असताना प्रदेशाप्रदेशांतली विषमता वाढते, मधल्या टप्प्यावर ती माथ्याला पोहोचते आणि देश श्रीमंत झाला की उतरते. शहरांनाही हाच नियम लावला गेला. गरीब देशाकडे डांबरी रस्ते थोडे, वीज थोडी, इंजिनिअर थोडे, भांडवल थोडं. ते सगळीकडे शिंपडण्यापेक्षा एका जागी एकवटलं तर कारखान्याला कारागीर मिळतो, कारागिराला कारखाना मिळतो, एकमेकांचं पाहून लोक शिकतात. पुढे जागा महागते, वाहतूक तुंबते, पगार चढतात. तोवर आतल्या भागात रस्ते आणि फोन पोहोचलेले असतात. मग कारखाने बाहेर पडतात आणि दुसरी शहरं डोकं वर काढतात. जे. व्हर्नन हेंडरसन यांनी २००३ मध्ये अनेक देशांची आकडेवारी घेऊन दाखवलं की प्रत्येक उत्पन्न-पातळीला मोठ्या शहराच्या वाट्याचं एक योग्य प्रमाण असतं आणि त्याहून फार जास्त किंवा फार कमी झालं, तर देशाच्या वाढीलाच फटका बसतो.

या मांडणीचा पूर्वार्ध थायलंडला चपखल लागू होतो. १९८८ ते १९९० सलग तीन वर्षं थायलंडची अर्थव्यवस्था दहा टक्क्यांहून अधिक वेगाने वाढली. जपानी कंपन्या आल्या, मोटारी बनू लागल्या, हार्ड डिस्क बनू लागल्या. राष्ट्रीय दारिद्र्यरेषेखाली १९९० मध्ये ५८ टक्के लोक होते, २०२० मध्ये सुमारे ७ टक्के. बँकॉकशिवाय हे झालं नसतं. ईसानच्या हजारो खेड्यांत जी सिमेंटची घरं दिसतात, ती बँकॉकच्या बांधकामांवर, टॅक्सीत आणि हॉटेलांच्या धुलाईखोल्यांत मिळवलेल्या पैशांची आहेत. शहराला शिव्या देऊन हा हिशेब पुसता येत नाही.

प्रश्न उत्तरार्धाचा आहे. २०११ पासून वर्ल्ड बँक थायलंडला उच्च-मध्यम उत्पन्नाचा देश मानते. जागा महागली, वाहतूक तर जगभर बदनाम झाली. कारखाने बाहेर पडलेही. पण ते गेले कुठे? उत्तरेला अयुत्थया आणि पथुम थानीत, आग्नेयेला चोनबुरी आणि रयोंगमध्ये. १९८०च्या दशकात सरकारने पूर्व किनाऱ्याची योजना हाती घेतली, १९९१ मध्ये लेम चबांगचं खोल पाण्याचं बंदर सुरू झालं. आज दरडोई उत्पादनात रयोंग देशात पहिला आहे, बँकॉकच्याही पुढे. हे सगळं बँकॉकपासून दोन-अडीच तासांच्या मोटारप्रवासात येतं. ईसानमध्ये देशाची सुमारे एकतृतीयांश माणसं आहेत आणि देशाच्या उत्पादनात त्यांचा वाटा दशमांशाच्या आसपास. शहराने पाय पसरले, पण अंथरूण राजधानीच्याच घरातलं होतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सोंगक्रान असतो, थाई नववर्ष. त्याच्या आदल्या दिवशी बँकॉकच्या मो चित बसस्थानकावर उभं राहिलं, की देशाचं अर्थशास्त्र पुस्तकाशिवाय दिसतं. माझ्याबरोबर दुभाषी म्हणून एक मुलगी होती, खोन केनची. तिथल्याच विद्यापीठातून शिकून आता बँकॉकमध्ये नोकरी करणारी. फलाटावर माणसांपेक्षा सामान जास्त होतं. नायलॉनच्या दोरीने आवळलेली खोकी, टेबलफॅन, राइस कुकर, प्लास्टिकच्या तुकतुकीत पिशव्यांत भरलेले लहान मुलांचे कपडे. ईसानमधल्या रोई एतच्या गाडीची वाट पाहणाऱ्या एका बाईंशी आम्ही बोललो. वय चाळिशीच्या आसपास, हॉटेलात चादरी-टॉवेलांच्या धुलाईखात्यात काम. नवरा बांधकामावर. खोक्यात दुधाची पावडर, डायपर आणि आईसाठी रक्तदाबाच्या गोळ्या.

“मुलं कुठे असतात ताई?” दुभाषी मुलीने विचारलं.

“आईकडे. दोघंही. धाकटा दोन वर्षांचा आहे.”

“इथे नाही आणत?”

“इथे खोली एवढीशी. दोघंही पाळीवर. सांभाळणार कोण?” मग जरा थांबून त्या म्हणाल्या, “तो आईला आई म्हणतो. मला नावाने हाक मारतो.”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. दुभाषी मुलीने हे मला सांगितलं आणि मग बराच वेळ ती दुसरीकडेच पाहत राहिली. थायलंडमध्ये दर पाच मुलांपैकी साधारण एक मूल असं वाढतं: आई-वडील दोघेही हयात, पण दोघांपैकी कुणीच घरात नाही. त्यांत ईसानच्या मुलांचं प्रमाण सर्वाधिक. कोकणात गावोगावी मनीऑर्डरवर घरं चालली आणि मुंबईच्या चाळीत चाकरमान्यांचे गाळे भरले, त्या पिढीतही बाप नसायचा. आई बहुतेक गावात असायची. इथे दोघंही गेलेली आहेत.

त्या बाईंना मी मतदानाबद्दल विचारलं. त्यांचं नाव अजून रोई एतच्या घराच्या नोंदवहीत आहे. बँकॉकमध्ये वीस-वीस वर्षं काढलेल्या असंख्य लोकांचं तसंच आहे, कारण नाव हलवायचं तर इथे कुणाच्या तरी घराच्या वहीत ते घालावं लागतं आणि भाड्याच्या खोलीचा मालक त्याला सहसा तयार नसतो. ज्या शहराची धुणी त्या धुतात, त्या शहराचा गव्हर्नर निवडण्याचा अधिकार त्यांना नाही. आणि ज्या प्रांतात त्यांचं नाव आहे, तिथला गव्हर्नर कुणीच निवडत नाही.

ही गोष्ट माझ्या मते सगळ्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. थायलंडमध्ये बँकॉक सोडून ७६ प्रांत आहेत. त्या सगळ्यांचे गव्हर्नर गृहमंत्रालय नेमतं, दामरोंग यांच्या काळापासूनची रीत बदललेल्या कपड्यांत चालू आहे. १९८५ पासून बँकॉकचा गव्हर्नर मात्र लोक निवडतात. मधल्या लष्करी राजवटीत तिथेही नेमणूक झाली, पण २०२२ च्या मे महिन्यात निवडणूक परत आली आणि चत्चात सित्तिपुन्त सुमारे चौदा लाख मतं घेऊन निवडून आले. प्रांतांत निवडून आलेल्या प्रांतिक संस्था आणि नगरपालिका आहेत. त्यांच्या हातात पैसा आणि अधिकार तोकडे, आणि डोक्यावर नेमलेला गव्हर्नर.

१९९७ च्या राज्यघटनेने हे बदलायला घेतलं होतं. १९९९ च्या विकेंद्रीकरण कायद्यात २००६ पर्यंत सरकारी महसुलाचा ३५ टक्के हिस्सा स्थानिक संस्थांना द्यायचं ठरलं. २००६ मध्ये सप्टेंबरात लष्करी बंडाचे रणगाडे रस्त्यावर आले, आणि त्यानंतर कायद्यात दुरुस्ती होऊन बंधन उरलं किमान २५ टक्क्यांचं. वर्ल्ड बँकेने २०१२ च्या अहवालात सरकारी खर्चाचा प्रदेशवार हिशेब मांडला: बँकॉकमध्ये लोकसंख्येच्या १७ टक्के, देशाच्या उत्पादनाच्या सुमारे २६ टक्के, आणि सरकारी खर्चाच्या सुमारे ७२ टक्के. राजधानीत मंत्रालयं असतात, तिथला काही खर्च देशाच्या नावचा असतो, हे धरूनही या तीन आकड्यांमधली दरी भरून निघत नाही.

अल्बर्टो एडीस आणि एडवर्ड ग्लेझर या दोन अर्थतज्ज्ञांनी १९९५ मध्ये अनेक देश तपासून एक निष्कर्ष काढला. हुकूमशाहीतली सर्वांत मोठी शहरं लोकशाही देशांतल्या शहरांपेक्षा सरासरी ५० टक्क्यांनी मोठी असतात. कारण साधं आहे. राजवाड्याबाहेर जमलेला जमाव राज्य उलथवू शकतो, चारशे कोसांवरचा शेतकरी नाही. म्हणून राजधानीला धान्य स्वस्त, पाणी आधी, रस्ता आधी. आणि जिथे हे सगळं आधी मिळतं, तिथे माणूस जातो. तांदळावरच्या अधिभाराची तीस वर्षं या वाक्याखाली ठेवून वाचावीत.

पाणी आधी, असं लिहिलं. पण २०११ साली पाणी नको होतं. त्या वर्षी उत्तरेकडे अतोनात पाऊस झाला आणि पुराचा लोंढा चाओ फ्रायाच्या खोऱ्यातून हळूहळू खाली सरकू लागला. अयुत्थया आणि पथुम थानीतल्या सात औद्योगिक वसाहती बुडाल्या, जगभर हार्ड डिस्कचा तुटवडा पडला. आठशेवर माणसं दगावली. वर्ल्ड बँकेने नुकसान मोजलं १.४३ लाख कोटी बाट. बँकॉकचा मध्यभाग वाचवण्यासाठी शहराच्या उत्तरेकडच्या डॉन मुआंगच्या बाजूला वाळूच्या महाकाय पोत्यांची काही किलोमीटर लांब भिंत रचली गेली. भिंतीच्या आत बँका, मॉल आणि मंत्रालयं कोरडी राहिली. बाहेरच्या वस्त्यांत पाणी आठवड्यांमागून आठवडे कुजत राहिलं. शेवटी बाहेरची माणसं कमरेएवढ्या पाण्यातून आली आणि त्यांनी पोती उपसायला सुरुवात केली. राजधानी बुडाली तर देशाचं जास्त नुकसान, हा सरकारचा युक्तिवाद हिशेबाने बरोबर होता. पण सगळं एकाच जागी नेऊन ठेवल्यामुळेच तो बरोबर ठरला होता.

तेव्हा श्रीमंती आली की मोठं शहर आपोआप हात सैल सोडतं, हे मला मान्य नाही. दक्षिण कोरियाकडे पाहा. पोहांगला पोलाद, उल्सानला मोटारी आणि जहाजं, असे राजधानीपासून लांबचे कारखाने तिथे सरकारने हेतुपुरस्सर उभे केले. १९८२ मध्ये राजधानी पट्ट्यावर निर्बंध घालणारा कायदा केला, २०१२ पासून निम्म्याहून अधिक मंत्रालयं सेजोंग या नव्या शहरात हलवली. तरी २०१९ च्या अखेरीस देशाची निम्म्याहून जास्त लोकसंख्या सोल आणि त्याच्या परिसरात होती. एवढी इच्छाशक्ती असून ही गत. जिथे ती नाही, तिथे उतरती रेघ कोण काढणार?

आपल्यासाठीही यात आरसा आहे. देश म्हणून भारत एका शहराचा नाही, पण महाराष्ट्र हा लोकसंख्येने थायलंडहून मोठा आहे आणि मुंबई-ठाणे-पुण्याच्या बाहेर काय उरतं, हा प्रश्न आपण १९५३ च्या नागपूर करारापासून विचारतो आहोत. १९८४ मध्ये दांडेकर समितीने अनुशेष मोजला, १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली, २०१३ मध्ये केळकर समितीचा अहवाल आला. विकास मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. आणि २०२२ पासून मोठ्या महापालिकांचा कारभार वर्षानुवर्षं लोकनियुक्त सभागृहाविना प्रशासकांनी हाकला. छत्रपती संभाजीनगरचं पाणी असो की नागपूरची नदी, निर्णय घेणारा माणूस तिथल्या लोकांना बांधील नसेल, तर समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर दोन्ही दिशांना सारखेच उघडे असतात: माल आत येतो, माणूस बाहेर जातो.

खोन केनच्या लोकांना ही गोष्ट आपल्याआधी उमगली. बँकॉकपासून साडेचारशे किलोमीटरवरचं हे शहर १९६०च्या दशकात ईसानचं विकासकेंद्र म्हणून वाढवायचं ठरलं, १९६४ मध्ये तिथे विद्यापीठ आलं. मित्रफाप महामार्ग शहराच्या मधून जातो. बँकॉकहून पैसा येण्याची वाट पाहून थकल्यावर २०१५ मध्ये सुमारे वीस स्थानिक उद्योजकांनी आपली भांडवलं एकत्र करून शहरविकास कंपनी काढली. पाठोपाठ लगतच्या पाच नगरपालिकांनी मिळून लाइट रेलसाठी स्वतःची कंपनी स्थापन केली. वेगवेगळ्या स्वभावांच्या पाच नगराध्यक्षांनी एका कागदावर सही करणं, हे ज्यांनी कुठल्याही नगरपालिकेचं कामकाज पाहिलं आहे त्यांना विशेष वाटेल. कंपनी काढायला गृहमंत्रालयाची परवानगी लागली. महामार्गाच्या मधल्या पट्टीतून रूळ टाकायला महामार्ग खात्याची. स्थानकाभोवतीच्या सरकारी जमिनीसाठी आणखी एका खात्याची. ही सगळी कार्यालयं बँकॉकमध्ये आहेत.

बँकॉकच्या भुयारी मेट्रोचं बांधकाम केंद्र सरकारच्या पैशाने झालं, शहरबसचा वर्षानुवर्षांचा तोटाही तेच भरून काढतं. ते पैसे देशभर गोळा होणाऱ्या करातून येतात. रोई एतच्या दुकानात दुधाची पावडर घेतली तरी त्यावर सात टक्के मूल्यवर्धित कर लागतोच. खोन केनने तर तोही पैसा मागितला नव्हता. आमच्या शहरात, आमच्या भांडवलावर, आमच्या जबाबदारीवर आम्हाला रूळ टाकू द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं. माझ्या दुभाषी मुलीचे वडील तिथे हार्डवेअरचं दुकान चालवतात. रूळ आले तर परत जाशील का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, “रुळांनी नाही जाणार. मी करते ते काम तिथे मिळालं तर जाईन. पण ते काम देणारी कंपनी खोन केनला कार्यालय काढायचं की नाही, हे विचारायला गृहमंत्रालयात जाऊन बसणार नाही ना.”